भोळे नानांचं गाठोडं

यावल तालुक्यात तापीच्या काठाला पिंपळखेडं म्हणून गाव आहे. तिथले जीवराम भोळे म्हणजे सगळ्या गावाचे नाना. आडनाव भोळे, पण माणूस ताक तर सोडाच, पाणीसुद्धा फुंकून पिणारा. देवळात गेले तर एक चप्पल पायरीशी काढत आणि दुसरी पाराच्या मागे, म्हणजे चोराला जोडी मिळू नये. दूधवाला असो, ग्रामसेवक असो की सख्खा जावई, कोणी काही नवं सांगितलं की नाना मान तिरपी करून विचारत, "काबरं?" त्या एका शब्दानं समोरचा निम्मा गार व्हायचा.

हा स्वभाव उगाच बनलेला नव्हता. नाना चोवीस वर्षांचे होते तेव्हा त्यांच्या वडिलांची केळी सावद्याच्या स्टेशनात वॅगनमध्ये भरून दिल्लीला जात. तिकडून आडत्याची तार यायची, 'माल वाटेत सडला.' वडील तोटा सोसायचे. तिसऱ्यांदा तार आली, तेव्हा नाना कोणाला न सांगता पुढच्या वॅगनमध्ये शिरले आणि केळीच्या पानांत अंग चोरून चार दिवसांनी दिल्लीला उतरले. बाजारात त्यांनी आपलेच घड पाहिले, देठाला स्वतः बांधलेल्या सुतळीसकट. पिवळेधमक, हातोहात खपत होते. नाना घरी परतले, तर दारात पोस्टमन उभा. तार आली होती, 'माल सडला.' त्या दिवसापासून डोळ्यांनी पाहिल्याखेरीज काही खरं मानायचं नाही, अशी त्यांनी गाठ मारली ती कायमची.

ठिबकचे पाइप आले तेव्हा तालुक्यात ते पहिल्यांदा नानांनीच घातले, तेही खोटे ठरवायला. चार ओळी ठिबकवर, चार ओळी पाटाच्या पाण्यावर. दोन्हीकडचे घड स्वतः तोलले, दोन वर्षं तोलले, आणि ठिबकचे घड वजनदार निघाले तेव्हा काटा दुसऱ्याकडून मागून आणून पुन्हा तोलले.

म्हणूनच १९९५ च्या मार्चमध्ये जळगाव-धुळ्याच्या शेतकरी संघानं बारा शेतकरी इस्रायलची शेती पाहायला न्यायचं ठरवलं, तेव्हा त्यात नानांचं नाव पहिलं होतं. संघाचा सचिव गिरधर, बी. एस्सी. झालेला पोरगेला माणूस, पेढे घेऊन सांगायला आला.

"इतके लोक सोडून मलेच काबरं?" नाना म्हणाले.

"नाना, तुमचा मान आहे हा. शेती बघायची, आणि जाता जाता जेरुसलेम, जुनी पडकी शहरं, देवस्थानं पण दाखवणार आहेत."

"शेती पाह्याले नेता, तर पडके दगड काबरं दाखवता?"

 त्याला उत्तर दिलं ते नानांच्या बायकोनं. इंदिराबाई चुलीजवळून म्हणाल्या, "जा एकडाव. डोयानं पाह्याची लई हौस हाये ना तुमाले? मंग जा नं पाहून या बठ्ठं, एकूणएक."

निघायला दहा दिवस होते, तेव्हा नानांची धाकटी बहीण सुनंदाबाई भुसावळहून आली. तिचे यजमान रेल्वेत, घर कॉलनीत. तिच्यासोबत तिची शेजारीण होती, यशोदाबाई. रेल्वेच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्स म्हणून राबून निवृत्त झालेली, ताठ बसणारी, कमी बोलणारी बाई. तिनं पिशवीतून एक गाठोडं काढून नानांसमोर ठेवलं. खाकी कापडात चारही बाजूंनी शिवलेलं, अर्ध्या विटेएवढं, आणि उचलायला गेलं तर मनगट खाली जाईल इतकं जड.

"माझी एक मैत्रीण तिकडे आहे," यशोदाबाई म्हणाली. "हन्ना चेऊलकर. तिचे यजमान इथं रेल्वेत गार्ड होते. आपल्यासारखंच मराठी बोलणारी माणसं, पण ज्यू. एकोणसत्तर साली तिकडे गेली. बीरशेबा गावी तुमचा मुक्काम आहे ना? तिथं ती स्वतः येऊन घेईल. मात्र उघडू नका. तिनंच उघडायचं आहे."

"हाये काय त्यात?"

"तिची वस्तू आहे," एवढंच ती बोलली आणि सुनंदाबाईकडे बघायला लागली. बहिणीच्या शब्दाखातर नानांनी होकार दिला. पण 'उघडू नका' हे शब्द त्यांच्या डोक्यात माशीसारखे घोंघावत राहिले.

दोन दिवस कसेबसे गेले. तिसऱ्या दिवशी इंदिराबाई मळ्यात गेलेल्या पाहून नानांनी दाराला कडी घातली आणि ब्लेडनं एका बाजूची शिवण उसवली. आत जुना उशीचा अभ्रा होता, आणि अभ्र्यात दगड. काळा, घडीव, तीन कडा तासलेल्या आणि एक कड तुटलेली. वरच्या अंगाला तीन ओळी कोरलेल्या होत्या. अक्षरं चौकोनी, उलटी-सुलटी, कधी न पाहिलेली. नानांनी बोट फिरवलं. जुनं काम वाटत होतं, कडा बोथट झाल्या होत्या.

नानांना एक बातमी आठवली. त्याच महिन्यात साक्रीकडच्या एका पडक्या देवळातून मूर्ती गेल्याचं पेपरात आलं होतं. पोलिसांनी धरला होता तो ट्रक ड्रायव्हर. पोत्यात काय आहे ते त्या बिचाऱ्याला ठाऊकही नव्हतं. आता इथं नर्सबाईच्या हातून जुना कोरीव दगड परदेशी चालला होता, आणि नेणारा कोण, तर जीवराम भोळे.

परत करावा तर उघडल्याचं कबूल करावं लागणार. कॉलनीत बहिणीला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. नानांनी पुन्हा शिवण घातली आणि मनाशी ठरवलं, घ्यायला येणारीचं तोंड आधी पाहायचं, मग काय ते.

मुंबईच्या विमानतळावर सकाळी सगळे रांगेत उभे होते. नानांच्या पुढे शिरपूरकडचा वना पाटील होता. कापूसवाला, गोल चेहऱ्याचा, अखंड बोलणारा. सगळ्या प्रवासात एका खोलीत नानांची जोडी त्याच्याशी लावलेली होती, आणि आपल्यालाच हा का दिला, याचाही नानांना संशय होता.

"नाना, त्या गठोडामा काय शे?" वनानं तिसऱ्यांदा विचारलं.

"तुले काय करायचं?"

इस्रायली विमान कंपनीच्या तपासणीवर पंचवीसेक वर्षांची मुलगी होती. केस घट्ट बांधलेले, डोळे माणसाच्या आरपार बघणारे. ती इंग्रजीत विचारी आणि गिरधर मराठीत सांगे.

"बॅग कोणी भरली?"

"मी."

"भरताना जवळ कोण होतं?"

"कोणी नही. बायकोलेबी हात लावू दिला नही."

"भरल्यापासून आतापर्यंत बॅग कुठे होती?"

"मह्या उशाशी."

मुलीनं पहिल्यांदाच वर पाहिलं. नानांनाही ती पसंत पडत होती. आयुष्यात प्रथमच कोणी असे प्रश्न विचारत होतं, जे त्यांनी स्वतः विचारले असते. मग तिनं विचारलं, "न्यायला कोणी काही दिलं आहे का?" वनानं कोपरानं ढोसलं. कुजबुजला, "नही म्हना, नाना, नही म्हना." आणि नेमकं त्यामुळेच नाना म्हणाले, "हो. दिलं."

गाठोडं आत गेलं. नानांना एका बाकावर बसवलं. वीस मिनिटं झाली, चाळीस झाली. शेवटी मुलगी परत आली. शिवण त्यांनी उसवली होती, पण तिनं वरून पांढऱ्या दोरीनं नीट, फुली घालून बांधलं होतं. दोन्ही हातांनी तिनं ते नानांना दिलं. आणि ती चक्क मवाळ हसली. हळूच काहीतरी बोलली.

"काय म्हणते?"

"विचारतेय, आत काय आहे ते तुम्हाला माहीत आहे का?" गिरधर म्हणाला.

"नही," नाना म्हणाले.

मुलगी गिरधरशी दोन शब्द बोलली. गिरधरला बाकीच्या अकरा जणांची घाई होती. "जपून न्या म्हणतेय," तो म्हणाला आणि पुढे पळाला.

सबंध विमानप्रवासात नानांनी डोळ्याला डोळा लावला नाही. तपासणारा माणूस एकाएकी गोड बोलायला लागला, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय. त्यांनी मनात सगळा हिशोब लावला. दगड ह्यांच्याच मुलखातला असणार. कधीतरी चोरून भुसावळला आला असणार. आता ह्यांना घेणारीला तिकडे रंगेहाथ धरायचंय, म्हणून वाटेत सोडलंय. जपून न्या म्हणे!

पुढचे चार दिवस बारा जण त्या देशात फिरले. उत्तरेच्या मोठ्या तळ्याकाठी केळीच्या बागा पाहिल्या. प्रत्येक घडाला निळ्या प्लास्टिकची पिशवी बांधलेली. बाकीचे वाहवा करत होते. नाना मागे राहिले, पिशवी वर करून आत डोकं घातलं, फण्या मोजल्या, आणि मगच म्हणाले, "केयी चांगली हाये."

पण शेतीत त्यांचं मन नव्हतं. पाठीवरच्या झोळीत गाठोडं होतं. ते त्यांनी ना खोलीत ठेवलं, ना बसमध्ये. जेरुसलेमला गेले तेव्हा त्या प्रचंड भिंतीसमोर लोक कपाळ टेकून उभे होते, चिठ्ठ्या दगडांच्या फटीत सारत होते. जवळच एका कमानीवर तीच चौकोनी अक्षरं कोरलेली दिसली आणि नानांच्या पाठीवरचं ओझं दुप्पट झालं. दुसऱ्या दिवशी एका संग्रहालयात काचेच्या पेटीत, मखमलीवर ठेवलेला दगड पाहिला. काळा, एक कड तुटलेली, तीन-चार ओळी अक्षरांच्या. बाजूला बंदूकधारी पहारेकरी. नाना तिथून असे हलले, जणू पेटीतल्या दगडानं त्यांना ओळखलं होतं.

"तुम्हले बरं नही का, नाना?" वनानं विचारलं. "झोळी मनाकडे द्या ना थोडा येळ."

"नको!" नाना इतक्या जोरात ओरडले की बसमधले सगळे वळले. रात्री वनानं नानांसाठी खाली जाऊन चहा आणला, तोही नानांनी त्याच्याआधी घेतला नाही.

पाचव्या दिवशी बस दक्षिणेला वाळवंटात शिरली. सकाळी नऊच्या सुमारास एका टेकडीवर थांबली. वर दोन हजार वर्षांपूर्वीचं एक ओसाड शहर होतं. छपरं गेलेली, भिंती उभ्या. घरं, पाण्याची टाकी, द्राक्षं तुडवायचे हौद, आणि मागाहून बांधलेलं एक पडकं चर्च. वाटाड्या सांगत होता की ह्या लोकांनी वर्षाला बोटभर पडणारं पाणी टेकड्यांवरून वळवून खाली शेती केली. बांध अजून दिसत होते. एरवी नानांनी एकेका बांधावर तासभर काढला असता.

पण त्याच वेळी वाटाड्यानं हात वर करून बजावलं, आणि गिरधरनं मराठीत सांगितलं, "इथला एक खडासुद्धा उचलायचा नाही. जुना दगड कोणाच्या सामानात सापडला तर थेट तुरुंग. परत जाताना विमानतळावर सगळं उघडून बघतात."

वना हसत म्हणाला, "आठे ते बठ्ठा दगडच शेतस, नाना! कोन मोजी ऱ्हायनं?"

कोण मोजतंय! ते वाक्य नानांच्या डोक्यात लख्खकन पेटलं. इतके दगड. त्यात एक जास्त झाला तर कोणाला कळणार? जिथला तिथं गेला, झालं. सगळे चर्चकडे गेले तसे नाना लघवीचं निमित्त करून मागे वळले. एका पडक्या घरात भिंतीला दिवळीसारखा कोनाडा होता. त्यात त्यांनी गाठोडं सारलं, पुढे दोन सपाट दगड लावले आणि मागे न बघता निघून आले. उतरताना पाय इतके हलके पडत होते की त्यांनी आपणहून वनाला बिडी दिली. भेटायला येणाऱ्या बाईला काय सांगायचं, तेही ठरवून टाकलं. विमानतळावर काढून घेतलं, विषय संपला.

संध्याकाळी बीरशेबाच्या साध्याशा हॉटेलात गिरधरनं हाक मारली, "नाना, तुमच्याकडे कोणी आलंय."

खाली खुर्चीवर सत्तरीची बाई बसली होती. बारीक, सुरकुतलेली, गळ्यात काळ्या मण्यांची पोत, अंगावर हिरवी सुती साडी आणि वर लोकरीचं स्वेटर. आजूबाजूचे लोक साडीकडे वळून पाहत होते. नानांना पाहताच ती उठून उभी राहिली. "भुसावळहून आलात ना भाऊ? साडी काढली आज पेटीतून. पंधरा वर्षांत नेसले नव्हते. म्हटलं, तुम्हाला लांबूनच ओळखता यावं!"

घेणारीचं तोंड आधी पाहायचं, असं नानांनी ठरवलं होतं. त्यांनी पाहिलं. मान तिरपी केली आणि सगळी तयारी असूनही अडखळत म्हणाले, "ते... मुंबईले विमानतळावर काढून घेतलं त्यांनी. ठेवूच दिलं नही."

हन्नाबाई खाली बसली. स्वेटरची बटणं उघडली, पुन्हा लावली. "बरं," ती म्हणाली. "यशोदेवर रागावू नका हं तुम्ही. तिनं तुम्हाला सांगितलं नसेल. मीच लिहिलं होतं, सांगू नकोस म्हणून. थडग्याचा दगड म्हटल्यावर कोण आपल्या सामानात घेईल? अशुभ मानतात आपल्याकडे."

"थडग्याचा?"

"माझी मुलगी होती, भाऊ. मिर्याम. दोन वर्षांची होऊन हिवतापानं गेली, त्रेसष्ट साली. यशोदेच्याच मांडीवर गेली, दवाखान्यात. कॉलनीच्या मागे आमची आठ-दहा थडगी होती. गेल्या पावसाळ्यात तिथली भिंत पडली, दगडाचा चुरा झाला. खालच्या अंगाला मराठी लिहिलेलं होतं, ते हाती लागलंच नाही. वरचा हिब्रू तुकडा तेवढा यशोदेनं चिखलातून काढून घरी आणला. तिचं नाव आहे त्यावर." ती उठली. "तुमचा काय दोष. निघते मी, डिमोनाला घरी जायची बस चुकेल."

नानांना आता उमगलं. विमानतळावरच्या त्या मुलीनं तीन ओळी वाचल्या होत्या. म्हणून ती हसली होती, म्हणून दोन्ही हातांनी दिलं होतं. हन्नाबाई दाराबाहेर पडली. वना जिन्यावरून सगळं ऐकत होता. त्यानं नानांकडे पाहिलं. मग नाना अनवाणीच रस्त्यावर धावले.

बसथांब्यावर त्यांनी तिला गाठलं. "ताई, खोटं बोललो. कोणी घेतलं नही. मी टाकलं. तिकडं त्या टेकडीवर, पडक्या शहरात, भिंतीत. चोरीचा हाये वाटलं मले."

बस आली, दार उघडलं, हन्नाबाई चढली नाही, बस निघून गेली. "चोरीचा," ती एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "आता बंद झालं असेल तिथं. उद्या सकाळी माझ्या पुतण्याची गाडी आणते."

सकाळी बाकीचे दहा जण गिरधरबरोबर शेतीच्या प्रदर्शनाला गेले. वनानं प्रदर्शन सोडलं आणि नानांशेजारी गाडीत येऊन बसला. "तुम्हन्या सोबतले कोनीतरी पाहिजे," एवढंच म्हणाला. तासाभरात टेकडी आली. फाटकाशी पोलिसांची जीप उभी होती आणि वाट दोरी बांधून अडवलेली होती.

हन्नाबाई पहारेकऱ्याशी त्यांच्या भाषेत बोलली. बोलता बोलता तिचा हात तोंडावर गेला. परत येऊन तिनं सांगितलं ते असं. काल संध्याकाळी फाटक लावण्यापूर्वी पहारेकरी फेरी मारायला गेला. कोनाड्यात, दगडांआड लपवलेलं, दोरीनं बांधलेलं जड गाठोडं त्याला दिसलं. ह्या देशात बेवारस पिशवी म्हणजे बॉम्ब. रोजच्या पेपरात तेच. त्यानं माणसं हटवली, पोलिसांना कळवलं. ते आले, त्यांनी यंत्र पुढे सरकवलं आणि लांबून गाठोडं उडवून दिलं.

नाना पुढे होऊन जीपजवळच्या पोलिसापुढे उभे राहिले आणि स्वतःकडे बोट दाखवलं.

मग दोन तास चौकशी झाली. एका पत्र्याच्या खोलीत टक्कल पडलेला अधिकारी टेबलापलीकडे, आणि नाना अलीकडे. हन्नाबाई दोन्हीकडचं बोलणं इकडून तिकडे नेत होती.

"दगड इथं का लपवलात?"

"जुना, चोरीचा असंल वाटलं."

"कोण्या माणसानं सांगितलं तुम्हाला चोरीचा म्हणून?"

"कोणी नही. मलेच वाटलं."

"मग पोलिसांकडे का दिला नाही?"

"पोलिसांवर इस्वास नव्हता."

हन्नाबाई घुटमळली. मग तिनं ते जसंच्या तसं सांगितलं. अधिकाऱ्यानं लिहिणं थांबवलं, नानांकडे नीट पाहिलं, आणि हसू दाबायला त्याला चष्मा पुसावा लागला. त्यानं कागदावर नानांची सही घेतली, पासपोर्ट परत दिला आणि कपाटातून पुठ्ठ्याचं एक खोकं काढून हन्नाबाईपुढे ठेवलं. पहारेकऱ्यानं सापडले तेवढे तुकडे गोळा करून ठेवले होते. ती अक्षरं वाचून त्याच्याही मनाला लागलं असावं.

बाहेर सावलीत बसून हन्नाबाईनं साडीचा पदर मांडीवर पसरला आणि तुकडे जुळवले. तीन मोठे, दोन लहान. बापाचं नाव जुळलं. तारीख जुळली. मुलीच्या नावाच्या सुरुवातीला मात्र मोकळी जागा राहिली.

"पहिलं अक्षर गेलं," ती म्हणाली.

नाना उठले. पहारेकऱ्याला त्यांनी हातानंच विनवलं. तो दोरीआड घेऊन गेला. त्या पडक्या घरात नाना गुडघ्यांवर बसले आणि कोनाड्याखालची माती बोटांनी चाळायला लागले. वनाही शेजारी बसला. दोघांनी तासभर वितीवितीनं जमीन पाहिली. काळे खडे निघत, नाना ते थुंकीनं पुसून उन्हाकडे धरत, आणि टाकून देत. अक्षर असलेला एकही निघाला नाही. नानांच्या नखांतून रक्त आलं तेव्हा वनानं त्यांचं मनगट धरलं.

"नाना, पुरे. उठा आते."

"वना," नाना मातीकडे बघत म्हणाले, "तूबी त्या गाठोड्याच्या मागं हायेस असं वाटायचं मले."

"माले माहीत व्हतं," वना म्हणाला. "मी बी ते मुद्दाम इचारू. तुम्हन्हं तोंड पाहीसन हासू ये." पण तो आता हसत नव्हता.

दुपारी हन्नाबाईनं दोघांना डिमोनाला आपल्या घरी नेलं. जेवू घातल्याशिवाय पाठवणं तिला जमेना. तिचे यजमान कधीच गेले होते. तिनं मालिदा केला होता, भिजवलेल्या पोह्यांत ओलं खोबरं आणि वेलची घालून. दगडाचे तुकडे टेबलावर पुसून ठेवले होते. नाना बशी पुढे ओढेनात. ती म्हणाली, "खा हो भाऊ. मी रागावलेय तुमच्यावर, पुष्कळ रागावलेय. पण खा." नानांनी खाल्लं.

नाना पिंपळखेड्याला परतले. गावानं विचारलं, काय पाहिलं? त्यांनी निळ्या पिशव्या सांगितल्या, बांध सांगितले. इंदिराबाईंना मात्र पहिल्याच दिवशी सगळं सांगून टाकलं. इंदिराबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "भुसावयले जा. चिठ्ठी धाडू नका. सोता जाऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी बाराच्या उन्हात नाना यशोदाबाईच्या ओट्यावर उभे राहिले. आत जाऊन बसले, पाणीसुद्धा न घेता सांगायला लागले. शिवण उसवल्यापासून माती चाळण्यापर्यंत काहीही गाळलं नाही. ऐकून झाल्यावर यशोदाबाई उठून स्वयंपाकघरात गेली. नानांना वाटलं, आता निघावं. तेवढ्यात ती बाहेर आली. डोळे लाल होते. समोर पाट ओढून बसली.

"कोणतं अक्षर गेलं?"

"पहिलं."

"म," ती म्हणाली. मग म्हणाली, "मी तुम्हाला सांगायला हवं होतं. नर्स असून माणूस ओळखता आलं नाही मला." त्यात नानांना माफी होती की त्यांना मारलेली चपराक, ते नानांना कळलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही.

मग तिनं विचारलं, "कशी दिसते ती आता?"

नाना सांगायला लागले. केस पांढरेशुभ्र झालेत. डावा पाय जरा ओढते. साडी हिरवी होती, बारीक काठाची. घर दुसऱ्या मजल्यावर, खिडकीत तुळस नाही पण कढीपत्ता आहे, कुंडीतला. मालिदा गोड झाला होता. यशोदाबाई मध्ये मध्ये विचारत होती, हसते का अजून तशी, दात दाखवून? चष्मा लागला का? कोण असतं जवळ? आणि नाना एकेक आठवून, काही हातचं न राखता, सांगत होते. नानांची परतीची चारची पॅसेंजर केव्हाच सुटून गेली होती. यशोदाबाईनं चहा टाकला.